घरटी एक गुरुजी

मे महिन्यातली लढाई टीव्हीवर चार दिवसांत आटोपली. माझ्या केंद्रात ती सप्टेंबरपर्यंत चालली.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी विखुरलेल्या अकरा जिल्हा परिषद शाळांवर नजर ठेवायची, त्यांच्याकडून माहिती गोळा करायची, ती तालुक्याला पाठवायची आणि वेळेत पोचली नाही म्हणून तालुक्याची बोलणी खायची. घर धुळ्याला, नोकरी इकडं, आणि उरलेलं आयुष्य मोटारसायकलवर. स्वभाव तापट आहे असं बायको म्हणते. तिनं अकरा मुख्याध्यापकांना एकाच दिवशी एकच तक्ता तीनदा भरायला सांगून बघावं, म्हणजे तिचाही होईल.

या अकरांतली सगळ्यात वरची शाळा टेंभीझिऱ्याची. एक खोली, चार इयत्ता, अठरा मुलं आणि एकच शिक्षक, ईश्वर गुरुजी. हे मूळचे मुक्ताईनगरकडचे, वय चौतीस. ते प्रादेशिक सेनेतही होते. वर्षातला महिना-दीड महिना वर्दी, बाकी खडू, असा त्यांचा संसार. मला त्यांचं कौतुक होतं आणि थोडा रागही होता, कारण दरवर्षी त्या महिन्याभराची सोय मलाच लावावी लागायची.

त्यांना बोलावणं आलं तेव्हा टीव्हीवर युद्धविराम होऊन तीन दिवस झाले होते. मी फोनवर म्हणालो, "अहो, संपलं ना सगळं?"

"दाखवायचं संपलं साहेब," ते म्हणाले. "आता नुसतं उभं राहायचं असतं. त्याला माणसं जास्त लागतात."

आणि गेले. शाळेची किल्ली खिचडी शिजवणाऱ्या कुंदाबाईकडं ठेवून गेले.

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या. पोर्टलवर प्रत्येक गैरहजर शिक्षकाचं कारण भरायचं असतं. यादी उघडली तर वैद्यकीय रजा, प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, निलंबित, अनधिकृत गैरहजर, मयत. लढाईला गेले, असा पर्याय कुणाला सुचला नव्हता. मी 'इतर' निवडलं. पोर्टलनं लाल अक्षरांत तपशील मागितला. मी तपशील दिला. पोर्टल म्हणालं, हे कारण वैध नाही. मी चहाचा कप टेबलावर आपटला, त्यात माझाच शर्ट खराब झाला.

बदली शिक्षक मागितला तर तो कुठून मिळणार? बदल्यांचा मोसम चालू होता, निम्मे शिक्षक गाठोडं बांधून बसले होते आणि उरलेले ज्यांची गाठोडी बांधून झाली त्यांच्या जागी काम करत होते. पंधरा दिवसांनी तालुक्याहून पत्र आलं. टेंभीझिरा शाळा शिक्षकाअभावी बंद असल्याचे समजते, तरी केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष भेट देऊन शुक्रवारपर्यंत अहवाल सादर करावा, व शाळा बंद आढळल्यास विद्यार्थ्यांना जवळच्या शाळेत सामावून घ्यावे.

जवळची शाळा म्हणजे खालच्या गावची. चार किलोमीटर, मधे नाला. कागदावर नाला दिसत नाही. मला मात्र तो चांगला माहीत होता, कारण त्या खालच्या शाळेवर मी स्वतः सात वर्षं काढली होती. तरीही पत्र वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. अकराच्या दहा शाळा झाल्या तर एक तक्ता कमी होणार होता.

मंगळवारी सकाळी निघालो. फाट्यावर यावलची बस उभी होती, तिच्या मागून डावीकडं वळलो. दोन्ही बाजूंना केळी, मग केळी संपून कपाशी, मग कपाशी संपून नुसते दगड आणि सागाची झाडं. टेंभीझिऱ्याला पोचेपर्यंत अहवाल डोक्यात तयार होता. शाळेला कुलूप आढळले. गावकऱ्यांशी चर्चा केली. विद्यार्थ्यांना सामावून घेणे योग्य राहील. खाली सही.

शाळेला कुलूप नव्हतं. उलट लांबूनच पाढे ऐकू येत होते, आणि ते नीट येत होते याचा मला जरा रागच आला.

आत अठरा मुलं चार ओळींत बसलेली. फळ्यासमोर एक उंच, काळासावळा माणूस, खांद्यावर केळीच्या चिकानं डागाळलेलं फडकं, हातात खडू. खडू तो विळा धरावा तसा मुठीत धरून होता. मला पाहून मुलं उभी राहिली. माणूस आधीच उभा होता, तो आणखी ताठ झाला.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी नथ्थू. केळी कापानी टोळीमा शे. आज मनी पाळी शे, सायब."

"कसली पाळी?"

"गुरुजीनी."

मी खुर्चीत बसलो. केंद्रप्रमुख खुर्चीत बसला की पुढं काय करतो ते मुलांना ठाऊक असतं. तो प्रश्न विचारतो. मी सगळ्यात सोपा काढला. चौथीच्या ओळीतल्या एका चुणचुणीत मुलीकडं बोट दाखवलं. तिचं नाव सोनल.

"सांग बाळ, एका क्विंटलमध्ये किती किलो?"

"ब्याण्णव," सोनल म्हणाली. ठामपणे, डोळ्याला डोळा देऊन.

"किती?"

"ब्याण्णव!" अख्खी शाळा ओरडली. पहिलीतलं एक शेंबडं पोरही ओरडलं, त्याला क्विंटल म्हणजे काय हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

माझं डोकं तापलं. "नथ्थूभाऊ, हे तुम्ही शिकवलंत?"

"हा. मीच शिकाडं."

"शंभर! शंभर किलोंचा क्विंटल असतो! सगळ्या जगात!"

नथ्थूनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत उद्धटपणा नव्हता, थोडी कीव मात्र होती. "सायब, तुमना पुस्तकमा शंभर शेतीन," तो शांतपणे म्हणाला. "आमना काटावर ब्याण्णवच शेतस. व्यापारी घडना दांडानी कट्टी म्हनीसन आठ किलो कापस. मी वीस वरीस केळी मोजी ऱ्हायनू, माले एक बी क्विंटल शंभरना दिखना नही. पोरेसले खरं शिकाडानं का खोटं?"

मी बी.ए., बी.एड. अशा प्रश्नावर मी जे करतो तेच केलं, आवाज चढवला. शाळा म्हणजे बाजार नव्हे, शिकवायला पात्रता लागते, हा पोरखेळ चालणार नाही, वगैरे. मुलं मन लावून ऐकत होती. बहुधा हाही एखादा धडा असावा असं त्यांना वाटलं असेल.

माझा आवाज ऐकून मागच्या पडवीतून कुंदाबाई आल्या. साठीच्या आतबाहेर, अंगानं काटक, हातात खिचडीचा मोठा पळा. अठरा मुलांची खिचडी त्या गेली दहा वर्षं शिजवत होत्या. दरवर्षी मी त्यांच्या खिचडीची चव घेऊन वहीत 'उत्तम' असा शेरा मारत असे. त्यापलीकडं आमचं बोलणं कधी झालं नव्हतं.

"कुंदाबाई, शाळा बंद असताना ही मुलं इथं काय करतायत?"

"शाळा बंद कोठे शे? पोरे बसेल शेतस ना," त्या म्हणाल्या. "गुरुजी लढाईले गयात. शाळा नही गई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर लाहाची पद्धत आहे. कुणाचं घर शाकारायचं असलं, कुणाची निंदणी अडली, की घरटी एक माणूस जातो. मजुरी नाही. ज्याचं काम, त्यानं त्या दिवशी जेवू घालायचं. ईश्वर गुरुजी गेले आणि शाळा उघडायचा दिवस आला, तेव्हा कुंदाबाईंनी दारोदार फिरून शाळेची लाह लावली. घरटी एक माणूस, एकेक दिवस. ज्याला जे येतं ते त्यानं शिकवायचं.

"आणि जेवण?" मी डोळे बारीक केले. मुलांच्या खिचडीत मोठ्यांचा वाटा असेल तर मला तो कागदावर घ्यावा लागणार होता.

"खिचडी पोरेसनी शे. तिले कोनी हात लावत नही," कुंदाबाई पळा माझ्यावर रोखून म्हणाल्या. "रोज एक पोर घरथून भाकर लयस. ज्यानी पाळी, त्याले ती भाकर."

भिंतीवर खडूनं यादी लिहिली होती. सोमवार, भुरा. मंगळवार, नथ्थू. बुधवार, भुरीबाई. त्याखाली आणखी नावं, आणि प्रत्येक नावापुढं भाकरी आणणाऱ्या मुलाचं नाव. इतकी नीट यादी माझ्या केंद्रातल्या एकाही शाळेनं मला आजवर दिली नव्हती.

"पण भुरीबाईंना वाचता येतं का?"

"नही."

"मग त्या शिकवतात काय?"

"उद्या या नी देखा," कुंदाबाई म्हणाल्या, आणि खिचडी लागेल म्हणून आत गेल्या.

उद्या यायचं माझ्या कार्यक्रमात नव्हतं. तरी बुधवारी गेलो. स्वतःला सांगितलं की अहवालाला दोन भेटींचा आधार असलेला बरा.

भुरीबाई सत्तरीच्या. त्या मुलांच्या ओळीतच मांडी घालून बसल्या होत्या, पहिलीच्या शेजारी, आणि फळ्यासमोर सोनल उभी होती. भुरीबाईंची पद्धत सोपी होती. आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं होतं की माले काय येत नही, तुम्हीच माले शिकाडा. आता अठरा मुलं त्यांना शिकवत होती. त्या एकेक अक्षर विचारत आणि पटलं नाही की अडवत.

"हाई 'ब' शे नी हाई 'व'. मधली रेघ काबर मारी?" भुरीबाईंनी विचारलं.

सोनल अडखळली. मग दुसरीतला एक पोरगा उठून म्हणाला, "वेगळं दिखाले, आजी." भुरीबाईंनी विचार केला आणि मान डोलावली. मान डोलावली म्हणून त्या पोरानं आणखी तीन अक्षरं समजावून सांगितली. हा पोरगा गेल्या वर्षीच्या माझ्या तपासणीत तोंडातून शब्द काढत नव्हता. मी त्याच्यापुढं 'अप्रगत' असं लिहिलं होतं.

मी गुपचूप बसून होतो. मला मजा येत होती आणि ती येऊ नये असंही वाटत होतं. कारण मजा आली म्हणून नियम बदलत नाही. पत्रात साफ लिहिलं होतं की शाळेला शिक्षक हवा. नथ्थू शिक्षक नव्हता, भुरीबाई तर उलट विद्यार्थिनी निघाल्या. उद्या एखाद्या मुलाला साप चावला, कुणी पडलं झडलं, तर विचारणार कोणाला? मला. शेवटी मी ठरवलं ते ठरवलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर पुन्हा गेलो, कारण शाळेचा शिक्का कुंदाबाईंकडच्या कपाटात होता. मुलं घरी गेली होती. पडवीत बसून अहवाल लिहायला घेतला. कुंदाबाई पातेलं घासत होत्या. राख घातलेल्या पातेल्यावर नारळाची शेंडी खरखर वाजत होती.

"काय लिखी ऱ्हायनात सायब?"

"अहवाल."

"वाची दाखाडा."

असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता आणि विनवणीही नव्हती, म्हणून मी वाचलं. गावकऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने मुलांना एकत्र ठेवले आहे, ही बाब स्तुत्य आहे. तथापि पात्र शिक्षक उपलब्ध नसल्याने मुलांच्या शैक्षणिक हिताच्या दृष्टीने त्यांना जवळच्या शाळेत सामावून घेणे योग्य राहील.

खरखर थांबली.

"हाईच," कुंदाबाई म्हणाल्या. "'जवळनी शाळामा सामाई घेनं.' हाईच लिखेल व्हतं तवय बी."

"तेव्हा म्हणजे?"

"वीस वरीस व्हई गयात. आठला गुरुजीनी बदली व्हयनी, दुसरा कोनी उना नही. कागद उना. बठ्ठा पोरेसनं नाव खालनी शाळामा गयं." त्यांनी पातेलं उपडं ठेवलं. "मनी उषा तवय तिसरीमा व्हती. तिनं बी नाव गयं. ती नही गई. नाला व्हता. मी वावरमा, तिना बाप वावरमा, नऊ वरीसनी पोरले कोन लई जाई? ती एक दिन बी तठे गई नही, सायब. हाई शाळा परत उघडनी, तवलोंग ती मोठी व्हई गई."

उषा म्हणजे त्यांची मुलगी, सोनलची आई. ती आणि जावई गावातच राहत होते. मी तिला एकदा-दोनदा पाहिलं होतं, मुलीला सोडायला आलेली. शाळेच्या आत पाऊल न टाकता फाटकाशी उभी राहणारी. भिंतीवरच्या यादीत तिच्या घराची पाळी कुंदाबाईच भरत होत्या.

"मला वाईट वाटतं," मी म्हणालो. आपण असं म्हणतो तसं म्हणालो.

"खालनी शाळामा गुरुजी तुम्हीच व्हतात," कुंदाबाई म्हणाल्या.

मी पेनाला टोपण लावलं.

"मी पहिलेच दिन वळखं तुमले. दहा वरीसपाईन तुम्ही मनी खिचडी खाई जातस. मी काय सांगं नही. सांगीसन काय व्हई?" आता त्या माझ्याकडं सरळ बघत होत्या. "इतलंच इचारनं शे. तुमना शाळामा मनी पोरनं नाव व्हतं. तुम्ही रोज हजेरी लेत व्हतात. एक दिन तरी वर इसन इचारं का, का हाई उषा नावनी पोर कोठे शे?"

नाही. विचारलं नव्हतं. आणि आता सगळं आठवत होतं, वीस वर्षं काहीही न करता आपोआप विसरलेलं. वरच्या वस्तीची सोळा नावं माझ्या पटावर आली होती. त्या सोळा नावांमुळं माझ्या शाळेचा पट वाढला आणि मला जोडीला दुसरा शिक्षक मिळाला. मला किती आनंद झाला होता! सोळांपैकी पाच-सहा मुलं आली. बाकीच्यांची मी पट तपासणी होईपर्यंत हजेरी लावली, मग नावापुढं 'सतत गैरहजर' लिहिलं, आणि वर्ष संपल्यावर लाल शाईनं नावं कमी केली. लाल शाईची ती दौत कुठल्या कोनाड्यात होती तेसुद्धा आठवलं. उषा हे नाव मात्र आठवेना. मला स्वतःची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मी अहवालाचा कागद घडी करून खिशात घातला आणि निघालो. नेहमीचा रस्ता सोडून खालच्या गावाच्या वाटेनं गेलो आणि नाल्यापाशी गाडी थांबवली. पाणी गुडघ्याच्या वर होतं, माझ्या गुडघ्याच्या. नऊ वर्षांच्या मुलीच्या ते कुठपर्यंत येईल याचा मी तिथं उभा राहून अंदाज घेतला. सात वर्षं मी या नाल्याच्या पलीकडं नोकरी केली होती, आणि एकदाही तिकडून इकडं बघितलं नव्हतं.

शुक्रवारी तालुक्याला गेलो. आमचे अधिकारी तरुण आहेत, नुकतीच स्पर्धा परीक्षा दिलेले, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी अहवाल वाचला. शाळा नियमित सुरू आहे. उपस्थिती अठरापैकी अठरा. शिक्षकाचे नाव या रकान्यात मी माझं नाव लिहिलं होतं.

"हे काय साळुंखे साहेब? तुम्ही?"

"मी मूळचा शिक्षकच आहे साहेब. बढती मिळाली म्हणून पदवी काढून घेतलेली नाही. मंगळवारी पूर्ण दिवस मी तिथं. बाकी दिवस गावकरी माझ्या देखरेखीखाली मदत करतील."

"आणि बाकी दहा शाळा? तक्ते?"

"तक्ते तीनदा मागवत होतो, ते एकदाच मागवीन."

ते हसले नाहीत. पेन टेबलावर वाजवत राहिले. तेव्हा मी शेवटचं शस्त्र काढलं. "साहेब, एक बघा. शिक्षक सीमेवर उभा, आणि त्याची शाळा आपण बंद केली. हे एखाद्या वार्ताहराला कळलं तर तो पहिल्या पानावर कुणाचा फोटो छापेल?"

पेन थांबलं. सही झाली. सही करताना ते म्हणाले, "अनुभव म्हणतात तो हाच का?" मी म्हणालो, "नाही साहेब, अनुभव वेगळा होता." त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

पुढच्या मंगळवारी मी शिकवायला उभा राहिलो. नथ्थूपासून सगळ्यांच्या पाळ्या एक दिवस पुढं सरकल्या होत्या. बारा वर्षांनी हातात खडू आला होता. मी म्हणालो, "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण परिसर अभ्यासाच्या अनुषंगाने पाण्याच्या उपलब्धतेबाबत माहिती घेणार आहोत." अठरा तोंडं उघडी राहिली. पहिलीतल्या शेंबड्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हाऊ काय बोली ऱ्हायना?" सोनलनं हात वर केला. "गुरुजी, तुम्हले शिकाडता येत नशीन तर आम्ही तुम्हले शिकाडूत. भुरी आजीले शिकाडं तसं."

आतून कुंदाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. दुपारी माझ्यासमोर भाकरी आली, सोबत ठेचा. ज्या पोरानं ती आणली होती तो मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर उभा होता. त्या भाकरीचं मला इतकं दडपण आलं की पुढच्या मंगळवारी मी रात्रीची झोप सोडून नव्हे, पण सकाळचं वर्तमानपत्र सोडून धडा वाचून गेलो.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी सुधारलो. नथ्थूही सुधारला. आम्हा दोघांत तह झाला होता. त्यानं फळ्यावर शंभर लिहायचं, मग खाली आठ लिहायचे, आणि ते आठ किलो कुठं जातात हे मुलांना विचारायचं. वजाबाकी त्या शाळेला इतकी चांगली यायला लागली की चौथीतली मुलं काट्यावर आपापल्या बापाशेजारी जाऊन उभी राहू लागली. व्यापारी म्हणे जरा अस्वस्थ होते.

उषा मात्र फाटकाच्या आत आली नाही. मंगळवारी तर ती फाटकापर्यंतही येत नसे, सोनल एकटी यायची. कुंदाबाईंनी तिला काय सांगितलं होतं, मी विचारलं नाही. तिची माफी मागायला तिच्या घरी जायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या गल्लीतून परत फिरलो. तापट माणसं भित्री असतात, हे मला या वर्षी कळलं.

सप्टेंबरात एका सोमवारी ईश्वर गुरुजी परत आले. रापले होते, वाळले होते. गावानं त्यांना फाट्यावरून वाजतगाजत आणलं, भुरानं ढोल वाजवला. गुरुजींनी शाळेत येऊन आधी भिंतीवरची यादी वाचली, सगळी, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, "मला वाटलं होतं कुलूप बघायला मिळेल. तिथं रोज तेच वाटायचं."

ते आले म्हणजे माझं काम संपलं. तरी मंगळवारी माझी गाडी आपोआप त्या वाटेला लागली. गुरुजी दारातच भेटले. "मंगळवार तुमचाच राहू द्या साहेब," ते म्हणाले, "आणि आठवड्याला एक पाळी गावाची. मुलांना सवय झालीय, माझ्या एकट्याचं त्यांना पुरत नाही." ते मागं जाऊन मुलांमध्ये बसले. मी फळा पुसला.

मी वळलो तेव्हा दारात उषा उभी होती. शेतातून आलेली, पायाला चिखल, हातात जुनं तिसरीचं बालभारती. आता ते पुस्तक चालत नाही, दोनदा बदललं. पानांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले. तिनं उंबऱ्याशी चप्पल काढली आणि आत आली. मागच्या पडवीतून कुंदाबाई आल्या आणि हात पुसायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या.

"आज मना घरनी पाळी शे," उषा म्हणाली. सोनल ताठ बसली.

"उषा," मी म्हणालो. हे नाव मी तिच्यासमोर पहिल्यांदाच घेत होतो. "मी तेव्हा यायला हवं होतं. वर येऊन तुला शोधायला हवं होतं. माझं चुकलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग ती मुलांकडं वळली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. पहिली कविता. मग पहिला धडा. अडखळत नव्हती. प्रत्येक ओळ हजारदा वाचलेली असावी तशी, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. मुलं ऐकत राहिली. दुसरा धडा, तिसरा, चौथा. पाचव्या धड्याच्या मध्यावर, पान उलटायच्या आधी, ती थांबली.

तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"आठलोंग माले येस, गुरुजी," ती म्हणाली. "आते पुढलं तुम्ही शिकाडा."

आणि ती जाऊन तिसरीच्या ओळीत बसली.